पडद्यावरची मुशी आणि जाळ्यातली मुशी

आपल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात पाणी खारं आहे, समुद्र मात्र नाही. जठारपेठेत बसून शार्कबद्दल, म्हणजे कोकणातल्या मुशीबद्दल, आपलं जे काही मत असतं ते पडद्यावरून आलेलं असतं. तेव्हा आधी पडदाच तपासू.

१९५६ चा कूस्तो यांचा ‘द सायलेंट वर्ल्ड’ घ्या. समुद्राच्या पोटातलं जग दाखवणारा, कान महोत्सवात सर्वोच्च मान मिळवलेला माहितीपट. त्यातच बोटीवरची माणसं शार्क वर ओढून मारतात, आणि कॅमेरा ते निवांत टिपतो. पाण्याखाली कॅमेरा नेला की करुणा आपोआप उपजते, असं काही नसतं.

आपल्याकडे माइक पांडे यांनी २००० साली ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ केला. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची शिकार चाले. यकृताचं तेल होडीच्या लाकडाला, मांस निर्यातीला. नावातच किनारा आहे बघा! निळ्या पाण्याच्या मोहात न अडकता पांडे ती कत्तल समोर ठेवतात. चित्रपटाचं खरं बळ तिथंच आहे. मे २००१ मध्ये व्हेल शार्क वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला. माहितीपटाच्या वाट्याला असं यश क्वचितच येतं.

माझा आक्षेप पुढं आहे. हा मासा प्रचंड, संथ, प्लवक गाळून खाणारा, निरुपद्रवी. त्याच्याबद्दल कळवळा वाटणं सोपं. जुलै २००१ मध्ये सगळ्याच मुश्यांना संरक्षण दिलं गेलं. मच्छीमारांनी विरोध केला आणि डिसेंबरात यादी मोजक्या जातींवर आली. बाजारातल्या पाटीत दिसणाऱ्या लहान मुशीसाठी तेव्हा कोण रडलं? दिसायला भव्य असेल त्यालाच जगण्याचा हक्क, हे नीतिशास्त्र नव्हे; ही आवडनिवड झाली.

आणि मच्छीमार? अशा चित्रपटांत तो बहुतेकदा मारेकरी म्हणूनच येतो. जाळं फाटलं तर त्याचं काय, हा प्रश्न कायद्यानंतर पुढं आला. २००४ पासून मोरारीबापूंनी या माशाला माहेरी बाळंतपणाला येणारी लेक म्हटलं, तेव्हा गुजरातच्या किनाऱ्यावर बोलणं बदललं. कापलेल्या जाळ्याची भरपाई सुरू झाली आणि पुरावा म्हणून कॅमेरा मच्छीमारांच्याच हाती दिला गेला. महाराष्ट्रातही आता अशी भरपाई मिळते. बोट हलतेय, चित्र धूसर, कोणी ओरडतंय, आणि सुरी जाळ्यावर चालतेय. समीक्षकांनी आता ही चित्रणंही बघायला घ्यावीत.