बांधकामाच्या कागदांतील शब्दार्थ : एक परीक्षण

जुन्या कागदांच्या संपादनांत राजकीय शब्दांचा जितका विचार होतो तितका सुतार-गवंड्यांच्या शब्दांचा होत नाहीं. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजीं झाली. सागवान जुन्नरच्या रानांतून, दगड चिंचवडच्या खाणींतून व चुना जेजुरीहून आला, असें सर्वत्र लिहिलेलें आढळतें. जिन्नस कोठला एवढेंच त्यावरून कळतें. वाड्यांत त्याचें काय झालें हें समजण्यास कारागिरांचेच शब्द उलगडावे लागतात. १८२८ च्या आगींत मुख्य इमारतींचें लाकूडकाम जळालें. तट, दरवाजे व जोतीं तेवढीं उरलीं. अशा वास्तूच्या बाबतींत शब्दाचा अर्थ चुकला तर वास्तूच चुकते.

या कामीं कोशांचा आधार कितपत पुरतो? शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथपंडितानें रचलेला राजव्यवहारकोश दहा वर्गांचा आहे, व त्यांत दुर्गवर्गही आहे. परंतु यावनी शब्दास संस्कृत प्रतिशब्द देणें हा त्याचा हेतु. वस्तूचें वर्णन करणें हा नव्हे. मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ति १८५७) व दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ पासून पुढें) यांची योग्यता मोठी आहे. दोष कोशांचा नसून, पहिला सांपडेल तो अर्थ उचलणाऱ्या वाचकाचा आहे. कांहीं उदाहरणें पाहूं.

‘सुरूचे खांब’ या शब्दांवरून सुरूच्या लाकडाचे खांब असा समज सहज होतो. कोंकणच्या किनाऱ्यावरील सुरूचीं बनें आज सर्वांच्या परिचयाचीं असल्यामुळें तो दृढही होतो. वस्तुतः हा शब्द फारसी ‘सर्व’ या वृक्षनामापासून आलेला असून येथें तो आकाराचा वाचक आहे, लाकूड सागवानीच. पुण्याच्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागावर असे खांब कोणासही पाहतां येतील. येथें आकाराच्या शब्दास जिन्नस मानण्याची चूक होते.

‘गच्ची’ या शब्दाची गोष्ट उलटी आहे. फारसी ‘गच’ म्हणजे चुन्याचा गिलावा. त्या गिलाव्यानें केलेल्या धाब्यास गच्ची म्हणूं लागले, आणि जिन्नसाचें नांव जागेस मिळालें. म्हणून ‘चुनेगच्ची काम’ असें लिहिलेलें दिसलें कीं वर गच्ची होती असें अनुमान काढणें अयोग्य होय. तेथें चुन्यांतील पक्कें काम एवढाच अर्थ.

‘चिरा’ हा शब्द तर प्रांतानुसार बदलतो. कोंकणांत तो जांभ्याचा. देशावरील चिरेबंदी वाड्यांत काळवत्री दगडाचा, घडून बसविलेला. कागद कोणत्या प्रांतींचा हें पाहिल्याविना त्याचा अर्थ लावूं नये. तसाच ‘खण’. घराच्या यादींत तो दोन तुळयांमधील अंतराचा वाचक असतो; त्यास खोली समजल्यास घराचें मापच बिघडतें. उलट ‘सातखणी माडी’ म्हणतांना तोच शब्द मजल्याकडे झुकतो. निर्णय संदर्भानेंच व्हावयाचा.

यावरून संग्राहकांस एक विनंती करावीशी वाटते. सनदा व खलिते जपावे आणि इमारतखर्चाच्या याद्या रद्दींत घालाव्या, हा भेद सोडावा. यादींत जिन्नस, संख्या व दर शेजारीं येतात. शब्दाचा अर्थ निश्चित करण्यास यासारखें साधन दुसरें नाहीं. दुसरें कर्तव्य अधिक निकडीचें आहे. चिंचवडसमोर पवनेपलीकडील काळेवाडीसारखीं गांवें आज दाट वस्तीचीं झालीं आहेत. अशा गांवीं जुनें घर उतरतें तेव्हां तुळई, हस्त, तक्तपोशी हीं सारीं केवळ ‘जुनें लाकूड’ म्हणून विकलीं जातात. जागेवरून हललेल्या लाकडास नांव उरत नाहीं. घर उतरण्यापूर्वीं एखाद्या वृद्ध सुतारास बरोबर नेऊन प्रत्येक भागाचें नांव रेखाचित्रावर लिहून घ्यावें, आणि मग कोश उघडावा. असा कागद हस्तलिखितांच्या शेजारीं ठेवण्याच्या योग्यतेचा होईल.