ठरलेल्या कुस्तीतील न्याय

ज्या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो तिला आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणतात, आणि सुज्ञाने तिच्याकडे पाठ फिरवावी असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेतील वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन या संस्थेने मात्र आपल्या कुस्त्या म्हणजे करमणूक होय, असे १९८९ साली न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे सांगून टाकले. तेव्हा तिच्या ‘किंग ऑफ द रिंग’ या स्पर्धेस खेळाची कसोटी लावणे अप्रस्तुत ठरते. तिला नाटकाची कसोटी लावावी; आणि ती अधिक कडक आहे.

१९८५ साली सुरू झालेली ही स्पर्धा १९९३ पासून २००२ पर्यंत दरवर्षी मोठ्या थाटाने भरत असे. हरेल तो बाद, शेवटी उरेल तो राजा, एवढाच तिचा नियम. परंतु सर्व महत्त्वाच्या फेऱ्या एकाच रात्री झाल्या म्हणजे या साध्या नियमातून नाट्य उत्पन्न होते. कारण पहिल्या अंकातील श्रम तिसऱ्या अंकात भोगावे लागतात.

१९९३ साली ओहायओतील डेटन येथे हेच घडले. लेक्स लुगर व तटांका यांची कुस्ती वेळ संपून बरोबरीत सुटली, दोघेही बाद झाले, आणि बॅम बॅम बिगेलो हा विशालदेही मल्ल उपान्त्य कुस्ती न लढताच अंतिम फेरीत गेला. ब्रेट हार्टला मात्र आधी रेझर रॅमन व नंतर मिस्टर परफेक्ट यांच्याशी झुंजावे लागले. अखेर जिंकला तो थकलेला हार्टच. तिन्ही विजय त्याने प्रतिस्पर्ध्याचाच डाव उलटवून वा चपळाईने त्याला गुंडाळून मिळविले. बळाने एकही नाही. दमलेला मनुष्य बलाढ्याला कसा जिंकेल, या प्रश्नाचे उत्तर पहिल्या कुस्तीपासूनच तयार होत होते. मध्येच खुर्चीचा प्रहार आणि पंचाने फिरविलेला निकाल हा प्रसंग तेवढा ओढूनताणून आणलेला वाटतो.

१९९५ साली फिलाडेल्फिया येथे तीच युक्ती पुन्हा योजली गेली. शॉन मायकेल्स व कामा यांची बरोबरी झाली आणि मेबल हा अगडबंब मल्ल आयताच अंतिम फेरीत पोहोचला. समोर जायबंदी रॅमनच्या जागी आलेला, अनेक कुस्त्यांनी दमलेला साव्हिओ व्हेगा. या खेपेस ताज्या दमाच्या धिप्पाडाने थकलेल्यास लोळविले, आणि प्रेक्षकांनी भलत्याच संस्थेच्या नावाचा गजर करून आपली नापसंती दर्शविली.

यावर कोणी म्हणेल की, खऱ्या आखाड्यात असेच होते. मग तक्रार कशाची? आमचे उत्तर असे की, खऱ्या आखाड्यातील निकालास कोणी कर्ता नसतो, म्हणून तेथे दैवाला दोष देऊन घरी जाता येते. येथे निकाल कोणीतरी लिहिलेला असतो. लेखकाने योगायोगाआड लपू नये हा नियम नाटककारास लागू आहे, तसाच तो यासही आहे. लुटुपुटूच्या कुस्तीत अन्याय झाला म्हणजे तो जाणूनबुजून केलेला असतो. आणि प्रेक्षक क्षमा करीत नाही तो याच अन्यायाला.