त्रिसूत्रीच्या पुढची पानं

अवेदिस डोनाबेडियन यांचा वैद्यकीय सेवेच्या गुणवत्तेचं मूल्यमापन कसं करावं, या विषयावरचा निबंध १९६६ साली अमेरिकेतल्या ‘मिलबँक मेमोरियल फंड क्वार्टर्ली’ या त्रैमासिकात आला. पानं चाळीसच्या आसपास. आरोग्यव्यवस्थापन शिकणाऱ्या विद्यार्थ्याची त्याच्याशी गाठ पडते ती फळ्यावरच्या तीन शब्दांतून: रचना, प्रक्रिया, फलित. परीक्षेपुरते ते तीन शब्द पुरतात, म्हणून निबंध बहुधा तिथंच मिटला जातो. मला हा निबंध मोठा वाटतो तो त्या तीन शब्दांनंतर सुरू होणाऱ्या शंकांमुळे. मोजपट्टी हातात देणाऱ्या माणसानंच ती कुठं फसवेल, हेही त्याच लिखाणात इतक्या सविस्तर सांगून ठेवल्याचं मी दुसरीकडे फारसं पाहिलेलं नाही.

आधी त्रिसूत्री. एखादी प्रसूतिखोली डोळ्यांपुढे आणा. तिथं वीज, पाणी, प्रसूतीचं टेबल, प्रशिक्षित परिचारिका आहे का, ही झाली रचना. कळा सुरू झाल्यावर बाईला वेळेवर तपासलं का, बाळ जन्मताच कोरडं करून उबेत ठेवलं का, ही प्रक्रिया. आणि आई-बाळ दोघं धडधाकट घरी गेली का, हे फलित. इतकं सोपं वर्गीकरण की हे कुणालाही सुचलं असतं असं वाटावं. पण डोनाबेडियन लगेच पुढं जाऊन विचारतात, की यातली एक कडी दुसरीशी खरोखर जोडलेली आहे हे तुम्हाला कशावरून ठाऊक? सोयी चांगल्या असल्या की उपचार चांगले होतात, हे आपण धरून चालतो. त्याला पुरेसा पुरावा मात्र नाही, असं ते स्पष्ट लिहितात.

मग वाटतं, फलितच बघावं. माणूस बरा झाला की नाही, यापेक्षा पक्की खूण कोणती? डोनाबेडियन फलिताचा मान राखतात. अखेरचा कौल तिथंच मिळतो, हे ते नाकारत नाहीत. पण ज्या आजारात माणूस मरत नाही, नुसता अधू होऊन जगतो, तिथं ‘रुग्ण वाचला’ या नोंदीला काय अर्थ? मोडलेला हात जुळला, पण कोपरातून वाकडा राहिला, तर ते यश कुणाचं? शिवाय फलितामागं औषधापलीकडची शंभर कारणं असतात. बाळंतपणातल्या मृत्यूंचा आकडा डॉक्टरच्या कौशल्याबद्दल जितकं सांगतो, तितकंच आईच्या ताटात काय होतं याबद्दलही सांगतो. आणि काही फलितं दिसायला वर्षं लागतात. तोवर चुकीचे उपचार बिनबोभाट चालू राहतात.

निबंधातला माझा सर्वांत आवडता भाग आहे रुग्णाच्या नोंदींवरचा. आपल्याकडे ज्याला केसपेपर म्हणतात, तोच हा कागद. गुणवत्ता तपासायला आलेला माणूस पहिल्यांदा हात घालतो तो त्याच्यावर. समजा, केसपेपरवर रक्तदाबाचा आकडा नाही. डॉक्टरांनी रक्तदाब घेतलाच नाही, की घेतला आणि लिहायचा राहिला? आणि आकडा असेल, तर तो पट्टा बांधून मोजलेला, की आदल्या दिवसाच्या ओळीवरून उतरवलेला? कागद नीटनेटका म्हणजे उपचार नीटनेटके, असं धरलं तर आपण गुणवत्ता न मोजता अक्षर मोजत बसतो. पण डोनाबेडियन इथंही थांबत नाहीत. नोंद ठेवणं हाच चांगल्या उपचाराचा भाग नव्हे काय, असा उलटा प्रश्न ते पुढं करतात, कारण रात्रपाळीला येणारा दुसरा डॉक्टर त्याच कागदावर विसंबून असतो. तेव्हा नोंद आणि उपचार या दोन गोष्टी, दोन्ही मोलाच्या, पण वेगवेगळ्या तोलायच्या. कागद पुरत नसेल तर डॉक्टरच्या शेजारी बसून प्रत्यक्ष पाहावं. नॉर्थ कॅरोलिनातल्या जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांचा १९५६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तसाच झाला होता. डोनाबेडियन त्याची कदर करतात आणि लगेच बजावतात, की कुणी बघतंय म्हटल्यावर माणूस वागायचा तसा वागत नाही, आणि बघणाऱ्याच्याही मनात चांगल्या डॉक्टरचं एक चित्र आधीच असतं.

ही शंकेखोरी नव्हे. खोडून काढण्याचा आनंद या लिखाणात कुठंच नाही. प्रत्येक पद्धत ते उचलतात, तिचं सामर्थ्य सांगतात, मग तिची मर्यादा सांगतात, आणि ती टाकून न देता बाजूला जपून ठेवतात. निबंधाच्या शेवटाकडे त्यांनी एक मागणी केली आहे आणि मला तीच साऱ्या निबंधाचं मर्म वाटते. इथं काय चुकतंय, एवढंच विचारू नका. इथं नेमकं काय चाललंय, हे आधी समजून घ्या. दोष शोधायला निघालेल्याला दोषच सापडतो, काम सापडत नाही.

एक उणीवही सांगायला हवी. डॉक्टर आणि रुग्ण समोरासमोर आल्यावर काय घडतं, एवढ्यापुरता विचार मर्यादित ठेवायचं त्यांनी सुरुवातीलाच जाहीर केलं आहे. खर्चाचा हिशेबही बाजूला. विषय आवाक्यात राहावा म्हणून हे केलं हे कळतं, तरी जो दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही त्याचा केसपेपर कुठंच नसतो. हे भान त्यांना नव्हतं असं मात्र नाही. १९७३ सालच्या त्यांच्या जाडजूड ग्रंथात लोकांची गरज आणि सेवेची पोहोच हेच विषय केंद्रस्थानी आहेत. गुणवत्तेच्या प्रश्नाकडे ते पुन्हा वळले आणि १९८० ते १९८५ या काळात त्यावर तीन खंड लिहिले. त्यांचं संशोधन असंच एका प्रश्नाभोवती फिरत राहिलं. दर वेळी थोडं अधिक खोल.

आयुष्यही त्याला साजेसं. जन्म १९१९ चा, बैरूतमधला. घर आर्मेनियन निर्वासितांचं. बालपण पॅलेस्टाइनमधल्या रामल्लात. वडील डॉक्टर. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातून ते स्वतः डॉक्टर झाले, जेरुसलेममध्ये रुग्ण तपासले, मग हार्वर्डमध्ये सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९६१ पासून मिशिगन विद्यापीठात शिकवत राहिले. कविताही लिहीत. अखेरची अनेक वर्षं कर्करोग सोबतीला होता. २००० साली, मृत्यूच्या थोडं आधी दिलेल्या मुलाखतीत त्यांनी स्वतःच्या उपचारांविषयी सांगितलं: डॉक्टर जाणकार होते, पण त्यांच्या कामाचा एकमेकांशी मेळ घालणारं कुणी नव्हतं. व्यवस्था हवीच, पण ती साधन आहे, असं ते म्हणाले. गुणवत्तेचं मूळ त्यांनी सांगितलं ते प्रेम: रुग्णावरचं, आपल्या कामावरचं, देवावरचं. आयुष्यभर निकष घासूनपुसून ठेवणाऱ्या माणसाच्या तोंडचा हा शब्द मला भाबडा वाटत नाही. १९६६ च्या निबंधातही त्यांनी लिहिलंय, की गुणवत्तेची व्याख्या अखेर समाजाच्या मूल्यांतूनच येते. चौतीस वर्षांनी त्यांनी त्यातलं स्वतःचं मूल्य सांगितलं, इतकंच.

आपल्या सरकारी रुग्णालयांना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांना राष्ट्रीय गुणवत्ता मानकांचं, म्हणजे एनक्यूएएसचं, जे मानांकन मिळतं, त्याच्या मुळाशी हीच त्रिसूत्री आहे. गुणांचे तक्ते, रजिस्टरं, भिंतीवरचे फलक, तपासणी पथक यायच्या आदल्या आठवड्यातली धावपळ, हे सारं तिथं काम करणाऱ्यांच्या ओळखीचं आहे. या मानकांमुळे पुष्कळ ठिकाणी पाणी आलं, स्वच्छता आली, ही लहान गोष्ट नव्हे. पण रजिस्टर भरलेलं दिसलं की काम झालं असं मानण्याचा मोह पथकालाही होतो आणि केंद्रालाही, आणि या मोहाची पूर्वसूचना मूळ निबंधात आहे.

२००५ साली त्याच त्रैमासिकानं हा निबंध पुन्हा छापला. तपासणी पथकावर जाणाऱ्या अधिकाऱ्यांनी आणि सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्या मुलामुलींनी तो मुळातून वाचावा, आणि त्रिसूत्रीचं पान आलं की मिटू नये. नोंदींवरचा भाग तर कामाच्या ठिकाणी, समोर एक खराखुरा केसपेपर ठेवूनच वाचावा.