भुताचा पत्ता

भुतांच्या गोष्टी ऐकत शहर पायी हिंडायचे, हा प्रकार आता अनेक देशांच्या पर्यटनात रुळला आहे. आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये, वाटाड्याबरोबर अशा फेऱ्या निघतात. आपल्याकडे पुण्यात शनिवारवाड्यापाशी नारायणरावाच्या किंकाळीची गोष्ट पाहुण्यांना आवर्जून सांगितली जाते. समीक्षक याकडे करमणूक म्हणून पाहतात आणि पुढे जातात. मला मात्र अशी प्रत्येक फेरी ही लोककथेची एक आवृत्ती वाटते. छापील आवृत्तीला संपादक असतो, तसा इथे वाटाड्या असतो. काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे तोच ठरवतो. तेव्हा त्याची निवड तपासून पाहिली पाहिजे.

आइसलँडची एक प्रसिद्ध कथा घेऊ. उत्तरेकडच्या मिर्का गावातला चर्चचा सेवक आपल्या प्रेयसीला ख्रिसमसच्या मेजवानीला नेण्याचे वचन देतो. परतताना नदीवरचा बर्फ फुटून तो बुडतो. नदी दुथडी वाहू लागल्यामुळे त्याच्या मृत्यूची बातमी पलीकडे पोहोचतच नाही. ठरल्या रात्री तो घोडा घेऊन दारात येतो आणि ती विश्वासाने मागे बसते. तिचे नाव गुद्रून. तो मात्र तिला ‘गारून’ म्हणतो. ‘गुद’ म्हणजे देव, आणि तो शब्द मेलेल्याच्या तोंडून निघत नाही. चंद्रप्रकाशात दिसणारी कवटी बहुतेकांच्या लक्षात राहते, पण कथेचा कणा आहे ती नदी आणि ते अडखळलेले नाव. नदी वगळली तर गुद्रून त्याच्याबरोबर का गेली हे कळत नाही. नावाचा अर्थ सांगितला नाही तर भूत कशावरून ओळखायचे हे कळत नाही. मिर्कापासून शेकडो किलोमीटर दूर, राजधानीच्या गल्लीत ही कथा सांगणाऱ्याने या दोन गोष्टी सांभाळल्या तरच ती कथा तिथवर पोहोचली असे म्हणता येईल.

शनिवारवाड्याची कथाही अक्षरावरच उभी आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी, गणेशोत्सवात, गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याला मारले. ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, ‘ध’चा ‘मा’ झाला, ही आख्यायिका मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक असते. मिर्काच्या कथेत गळालेले अक्षर भुताला उघडे पाडते, तर इथे बदललेले अक्षर भूत जन्माला घालते. पौर्णिमेच्या रात्री ‘काका, मला वाचवा’ अशी हाक येते, इथे सांगणारा थांबतो आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण ती हाक काकाला आहे, म्हणजे ज्याच्यावर खुनाचा ठपका आला त्यालाच आहे. हा ठपका ठेवला रामशास्त्री प्रभुणे यांनी; साताऱ्याजवळच्या माहुलीचा हा न्यायाधीश सत्तेवर बसलेल्या रघुनाथरावाला दोषी ठरवून मोकळा झाला. रामशास्त्री गाळले की फिर्याद नाहीशी होते आणि उरतो तो नुसता आवाज. 1828 च्या आगीत वाडा जळाला. आज तट, दरवाजे आणि जोती शिल्लक आहेत. मोकळ्या जोत्यावर ती हाक ऐकू आणायची असेल, तर न्यायाची बाजू सांगावीच लागेल.

माझे म्हणणे एवढेच आहे की भूतकथा ही तुंबून राहिलेली फिर्याद असते आणि तिला पत्ता असतो. मुंजा पिंपळ सोडत नाही, वेताळ गावाची शीव सोडत नाही. हा पत्ता आपल्या संग्रहांतच पुसट झाला. योन आर्नासोन यांनी आइसलँडच्या कथा गोळा केल्या, त्या 1862 ते 1864 या काळात दोन खंडांत छापल्या गेल्या. छपाई जर्मनीत, लाइपझिगला झाली. भाषा मात्र आइसलँडची होती. कोकणातल्या समजुतींचा मोठा संग्रह ए. एम. टी. जॅक्सन यांच्या सामग्रीवरून आर. ई. एन्थोवेन यांनी सिद्ध केला. शाळामास्तरांनी पाठवलेली माहिती त्यात आहे, पण ती इंग्रजीत आणि विषयवार लावलेली. भुतांची जात कळते, सांगणाऱ्याची बोली हरवते. याउलट दामोदर कोसंबी पुण्याच्या आसपास पायी हिंडले, वाटांच्या तिठ्यांवरच्या देवी का तिथेच आहेत असे विचारत राहिले. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (1962) मधले ते हिंडणे मला कोणत्याही भूतफेरीचा उत्तम नमुना वाटते.

जतमध्ये बसून हे लिहिताना भाषेचा प्रश्न अधिकच टोचतो. आमच्या तालुक्यात मराठीइतकीच कन्नड कानावर पडते. कन्नडमध्ये देवाला ‘देवरु’ म्हणतात आणि भुताला ‘देव्व’. नुसती मराठी येणाऱ्या वाटाड्याने ‘देव्व’ ऐकले, तर तो भुताच्या जागी देव नोंदवून मोकळा होईल. गुद्रूनच्या कथेत मेलेल्याला देवाचे नाव घेता येत नाही. इथे जिवंत माणूसच भुताला देव करून बसेल.

उद्या इथे अशी फेरी निघालीच, तर ती उमराणीला जावी. 1673 मध्ये प्रतापराव गुजरांनी तिथे बहलोलखानाचे पाणी तोडले आणि शरण आल्यावर त्याला सोडून दिले. शिवाजी महाराज रुष्ट झाले. पुढच्या वर्षी नेसरीला प्रतापरावांनी मोजक्या स्वारांनिशी शत्रूवर झेप घेऊन प्राण दिले. या हकिकतीत भूत घुसडण्याची गरज नाही. तहानलेला शत्रू सोडावा की नाही, हा पेच दुष्काळी मुलखात पाण्याच्या काठावर उभे राहून ऐकवला, तर ऐकणारा आपोआप गप्प होईल. वाटाड्याने फक्त दोन गोष्टी कराव्यात. हकिकत मराठीत आणि कन्नडमध्ये सांगावी. आणि सांगून झाल्यावर, गावात ती कशी सांगतात, हे गावकऱ्यांना विचारून ऐकत बसावे.