गच्चीवरील यंत्र आणि चुलीपुढील स्त्री : खानदेशातील वायुप्रदूषण व आरोग्यविषयक संशोधक-प्रशिक्षणाची चिकित्सा

जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांत वायुप्रदूषणावर जे लघुप्रबंध व शोधनिबंध लिहिले जातात, त्यांची मांडणी बहुधा ठरून गेलेली असते. शहराची भौगोलिक माहिती, वाहनांची वाढती संख्या, महाविद्यालयाच्या गच्चीवर ठेवलेले धूलिकण गोळा करणारे यंत्र, गाळणकागदाचे आधीचे व नंतरचे वजन, मानकांशी तुलना, आणि अखेरच्या परिच्छेदात 'या प्रदूषणाचा मानवी आरोग्यावर विपरीत परिणाम होतो' असे एक विधान. साऱ्या प्रबंधात आरोग्य अवतरते ते या एकाच वाक्यात. ते वाक्य खोटे नसते. परंतु ते त्या संशोधकाने शोधलेलेही नसते. नवोदित संशोधक आरोग्याच्या उंबरठ्यापर्यंत येऊन का थांबतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

याचे एक कारण शैक्षणिक व्यवस्थेतच आहे. खानदेशातील विज्ञान महाविद्यालये १९९० साली स्थापन झालेल्या, आता कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या जळगावच्या विद्यापीठाशी संलग्न आहेत. तर धुळ्याचे व जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९९८ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी. पर्यावरणशास्त्राचा विद्यार्थी हवा मोजतो, पण रुग्ण पाहत नाही. जनऔषधवैद्यकशास्त्राचा निवासी डॉक्टर रुग्ण पाहतो, पण त्या रुग्णाच्या घरातील हवा त्याला ठाऊक नसते. दोघे एकाच शहरात राहतात; मात्र त्यांचे मार्गदर्शक, परीक्षक आणि अभ्यासमंडळे वेगळी असल्याने एकाचा प्रबंध दुसऱ्याच्या हाती पडण्याचा प्रसंग सहसा येत नाही.

ही फारकत अटळ नाही, हे महाराष्ट्रानेच पूर्वी दाखवून दिले आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवेतील सल्फर डायऑक्साइडच्या प्रमाणानुसार शहरातील तीन भाग निवडले, तुलनेसाठी एक ग्रामीण वस्ती घेतली आणि सुमारे चार हजार माणसांची पाहणी आरंभिली. अधिक प्रदूषित भागांत खोकला व धाप यांचे प्रमाण अधिक आढळले. निष्कर्षापेक्षाही या अभ्यासाची रचना अध्यापकांनी वर्गात उलगडून दाखवावी अशी आहे. प्रदूषण कमी, मध्यम, अधिक अशा पायऱ्यांनी मांडले होते. माणसे तीच ठेवून त्यांच्याकडे पुन्हा जायचे होते. आणि ज्यांच्याशी तुलना करायची ते लोकही आधीच निवडले होते. तुलनेचा गट नसलेले आरोग्यविषयक विधान हे मतच राहते, हा धडा आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात जवळजवळ अनुपस्थित आहे.

मोजमापाच्या बाबतीतही विद्यार्थ्याला यंत्र शिकवले जाते, त्या यंत्राची मर्यादा शिकवली जात नाही. राष्ट्रीय वायुगुणवत्ता संनियंत्रण कार्यक्रमात मानवी देखरेखीखालील केंद्रांवर आठवड्यातून दोन दिवस नमुने घेण्याची पद्धत आहे. म्हणजे वर्षभरात १०४ दिवस. वार्षिक सरासरी काढण्यास हे पुरेसे होईल. परंतु एखाद्या दिवशीची हवा आणि दुसऱ्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात झालेली गर्दी यांचा संबंध जोडू पाहणाऱ्यासाठी उरलेले २६१ दिवस कोरे असतात. ही गोष्ट संशोधकाला प्रबंधाचा विषय निश्चित करण्यापूर्वी कळायला हवी. ती अनेकदा सांख्यिकीच्या प्रकरणाशी आल्यावर कळते.

२०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर झाला. मानकांची पूर्तता न करणाऱ्या शहरांच्या यादीत जळगाव आले. धुळे त्या यादीत नाही. ही यादी आधीच्या वर्षांतील मोजमापांवर आधारलेली होती, त्यामुळे जेथे मोजमाप होते तीच शहरे तिच्यात येऊ शकत होती. यादीत नाव नसणे हा धुळ्याच्या स्वच्छ हवेचा दाखला मानता येणार नाही. मानकांचेही तसेच. २००९ च्या भारतीय मानकानुसार अतिसूक्ष्म धूलिकणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ सुचविली. एकच आकडा एका प्रबंधात 'समाधानकारक' आणि दुसऱ्यात 'घातक' ठरू शकतो, आणि दोन्ही परीक्षक समाधानी असतात!

याहून गंभीर प्रश्न असा की, गच्चीवरची हवा नेमके कोण श्वासात घेते? खानदेशात कपाशीच्या पऱ्हाटीवर स्वयंपाक होतो. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर सिलिंडर घरोघरी पोहोचले, तथापि सिलिंडर आल्याने चूल विझतेच असे नाही. कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शेजारच्या गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरच नमुना घेणारी उपकरणे लावली होती. तेथील धुराचे प्रमाण मायक्रोग्रॅमऐवजी मिलिग्रॅममध्ये सांगावे इतके निघाले. उपकरण गच्चीवरून माणसाच्या अंगावर आले आणि अभ्यासाचा प्रश्नच बदलला.

चुलीइतकीच या भागाची खूण म्हणजे मिरची. नंदुरबार व दोंडाईचा परिसरातील पथारींवर लाल मिरची वाळते आणि मजूर स्त्रिया तिचे देठ खुडतात. मिरचीच्या धुळीतील तिखट द्रव्य श्वासनलिकेला थेट झोंबते. गाळणकागदावरील शंभर मायक्रोग्रॅम मिरची आणि शंभर मायक्रोग्रॅम रस्त्याची माती तराजूला सारखीच. फुप्फुसाला मात्र नाही. जिनिंगमधील रुईची धूळ, दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या परिसरातील राख यांनाही हेच लागू पडते. केवळ वजन करायला शिकलेला विद्यार्थी येथे निरुत्तर होतो.

प्रशिक्षणातील सर्वाधिक दुर्लक्षित भाग आहे तो प्रश्नावलीचा. श्वसनविकारांच्या पाहणीसाठी ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेची १९६० ची प्रश्नावली जगभर आधारभूत मानली गेली. तिच्यातून जुनाट श्वासनलिकादाहाची जी व्याख्या रूढ झाली, तीत सलग दोन वर्षे, वर्षातून तीन महिने खोकला व कफ असणे अभिप्रेत आहे. हा प्रश्न प्रमाण मराठीत विचारणे सोपे; शिंदखेडा वा अमळनेर तालुक्यातील शेतमजूर स्त्रीला विचारणे अवघड. ती 'दम लागस' असे म्हणते. अननुभवी सर्वेक्षक त्याची नोंद 'दमा' अशी करतो, आणि एका अक्षराच्या फरकाने लक्षणाचा रोग होतो. तिचे वर्षही इंग्रजी महिन्यांनी मोजले जात नाही. आखाजी, पोळा, दिवाळी, कपाशीची वेचणी या तिच्या स्मरणाच्या खुणा आहेत. 'आखाजीपासून पोळ्यापर्यंत खोकला होता का?' या प्रश्नाला ती विश्वसनीय उत्तर देऊ शकेल. अशी अहिराणी प्रश्नावली तयार करणे, दुसऱ्या व्यक्तीकडून ती मराठीत परत आणवून अर्थ तपासणे, हे भाषा विभागाचे काम आहे. बहुविद्याशाखीय संशोधनाविषयी परिसंवाद पुष्कळ होतात. त्याची खरी जागा येथे आहे.

रुग्णालयातील नोंदवह्यांकडेही दस्तऐवज म्हणून पाहण्याची सवय लावली पाहिजे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळली. १९२६ साली त्यांचे निधन धुळ्यातच झाले. कागद कोणी, कशासाठी व केव्हा लिहिला हे विचारल्याखेरीज त्यावर विसंबू नये, ही शिस्त ज्या शहराने जवळून पाहिली, तेथे बाह्यरुग्ण नोंदवहीतील 'खोकला' हा शब्द निमूटपणे तक्त्यात चढावा, हे काहीसे विसंगत वाटते. रुग्ण शहरातला की रावेरहून पाठविलेला, बिडी ओढणारा की मिश्री लावणारी, हे त्या शब्दात नसते. हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा साचून धूर वाढतो आणि त्याच ऋतूत विषाणुजन्य सर्दीही वाढते. दोहोंची गल्लत होऊ न देणे हे कौशल्य आहे, आणि ते सरावानेच येते.

या साऱ्यास वेळ लागतो. २०१६ च्या नियमावलीत विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची अट घातली होती. २०२२ मध्ये ती सक्ती निघाली, घाई मात्र निघालेली नाही. माणसांवरील अभ्यासासाठी नीतिसमितीची अनुमती लागते, आणि २०१९ च्या नियमांनुसार अशा समितीची नोंदणीही आवश्यक आहे. ही समिती वैद्यकीय महाविद्यालयात असते. म्हणूनच विज्ञान महाविद्यालयातील मार्गदर्शकाने वैद्यकीय महाविद्यालयातील सहमार्गदर्शकाकडे विषय ठरण्यापूर्वी, पहिल्याच वर्षी गेले पाहिजे. असा एक विषय समोरच आहे : पथारीचा हंगाम सुरू होण्याआधी, ऐन हंगामात आणि संपल्यावर, त्याच मजूर स्त्रियांची श्वसनक्षमता आणि त्याच गावातील, पथारीवर न जाणाऱ्या स्त्रियांची श्वसनक्षमता. लागणारे श्वसनमापक यंत्र टेबलावर मावते. प्रश्नावली अहिराणीत हवी.