सरासरीत हरवलेला रोध

विद्युतघटाचे विद्युतगामक बल आणि अंतर्गत रोध काढण्याचा प्रयोग प्रयोगवह्यांत बहुधा एकाच साच्यात आढळतो. कळ उघडी ठेवून व्होल्टमीटरवर विद्युतगामक बल वाचायचे. मग बाहेर निरनिराळे रोध जोडून घटाच्या टोकांमधील विभवांतर नोंदायचे, दर वेळी सूत्रातून अंतर्गत रोध काढायचा आणि शेवटी सरासरी घ्यायची. आमचा आक्षेप या शेवटच्या पायरीला आहे.

समजा, घट १.५ व्होल्टचा आहे, त्याचा अंतर्गत रोध १ ओहम आहे आणि व्होल्टमीटरचे लघुतम माप ०.०५ व्होल्ट आहे. बाहेर ५० ओहम जोडले तर विभवांतर १.४७ व्होल्ट होईल. विद्यार्थ्याने ते १.५० वाचले तर अंतर्गत रोध शून्य येतो, १.४५ वाचले तर १.७ ओहम! याउलट, बाहेर २ ओहम असताना विभवांतर १ व्होल्ट असते. इथे वाचन पुरे एक घर चुकले तरी उत्तर सुमारे ०.९ ते १.२ ओहमच्या आतच राहते. सरासरी मात्र या दोन्ही वाचनांना सारखाच मान देते. मग उत्तर ‘अपेक्षित’ आकड्याशी जुळले नाही की विद्यार्थी खोडरबर हाती घेतो.

यावर उपाय सोपा आहे. परिपथात ॲमीटर जोडावा आणि विद्युतधारा आडव्या, तर विभवांतर उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढावा. रेषा उभ्या अक्षाला छेदते ते विद्युतगामक बल. रेषेचा उतार म्हणजे अंतर्गत रोध. कमी धारेचे बिंदू छेद पक्का करतात, जास्त धारेचे उतार ठरवतात.

जास्त धारेने कोरडा घट थकतो. म्हणून कळ वाचनापुरतीच दाबावी. धारा टप्प्याटप्प्याने वाढवावी आणि त्याच टप्प्यांनी कमी करावी. परतीचे बिंदू पहिल्या रेषेवर बसले नाहीत, तर प्रयोग चालू असतानाच घट बदलला असे समजावे. अंतर्गत रोध धारेनुसार, वेळेनुसार आणि घटाच्या वयानुसार बदलतो. जुना घट व्होल्टमीटरवर ठीक दिसतो, पण टॉर्चमध्ये दिवा मिणमिणतो, त्याचे कारण हेच.

तोंडी परीक्षेत आपण आकडा विचारण्याऐवजी एवढेच विचारून पाहावे: “तुझे हे दोन बिंदू रेषेबाहेर का गेले?”