केन्याची निळाई

केना पाहायचा तर पावसाळ्यात, आणि सकाळीच. बांधावर, कुंपणाकडेला, कपाशीच्या ओळींत तो जमिनीलगत पसरलेला असतो. फूल जेमतेम नखाएवढं, आणि दुपार कलायच्या आत मिटून ओलसर लगदा होणारं.

इतका निखळ निळा रंग फार थोड्या रानफुलांना लाभला आहे. पण मला रंगाहून मांडणी मोठी वाटते. दोन ठसठशीत पाकळ्या वर, तिसरी खाली, लहान आणि फिकट. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने या वंशाला कॉमेलिना म्हटलं ते हॉलंडमधल्या कॉमेलिन घराण्यावरून. यान आणि कास्पार या नामवंत काका-पुतण्यांच्या दोन मोठ्या पाकळ्या, आणि काही करून दाखवण्याआधीच गेलेल्या तिसऱ्याची ती लहानगी. गोष्ट हृद्य आहे, पण त्या पाकळीवर अन्याय करणारी. ती मोठी असती तर हे फूल चारचौघांसारखं गोल झालं असतं. ती आखडून राहते म्हणून नजर थेट केसरांवर जाते. वरचे पिवळेधमक केसर वांझ. बी धरवणारे पराग खालच्या, पुढे झेपावलेल्या केसरांत. फुलात मध नाहीच. निळ्यावरचा हा पिवळा मधमाशीला बोलावतो, आणि ती आली की पराग तिच्या अंगाला लागतात.

एवढं रूप उधळूनही केना त्यावर विसंबत नाही. जमिनीखालच्या फिकट फांद्यांवरही त्याला फुलं येतात. ती कधीच उमलत नाहीत, आपल्याच परागांनी फळतात. वरच्या फळांत लहान आणि मोठं असं दोन तऱ्हेचं बी, खालच्या फळांतही तसंच. शिवाय खुरप्याने तुटलेला तुकडा ओल्या मातीत पडला की पेरापेराला मुळं फोडतो. खुरपणाऱ्या बाईने उपटलेला केना सरीत न टाकता शेताबाहेर नेणं म्हणूनच शहाणपणाचं. अमेरिकेत तो बाहेरून गेला आणि जॉर्जियाच्या कपाशीत ग्लायफोसेट या तणनाशकालाही पुरून उरला.

आपल्याकडे तो मूळचाच, आणि ताटातलाही. श्रावणातल्या कहाणीत केनी-कुर्डूची भाजी येते ती गरिबाघरची म्हणून. कोवळ्या पानांची भजीही फार छान होतात. खुडताना पान जिथे खोडाला वेढतं तिथे तांबूस केस आहेत का, ते पाहावं. या केन्याची ती खूण.